करंगळीचं नख

पुजा तणतणत पार्लरात शिरली आणि दोन्ही पंजे तिनं शितलच्या नाकापुढं धरले. "बघ! चार दिवस बी टिकलं न्हाई. तीन आठवडे काही होत न्हाई म्हनलीस ना?"

नखांवरच्या डाळिंबी जेल-पॉलिशचे टवके उडाले होते. उजव्या हाताची तीन नखं टोकाशी कुरतडल्यासारखी दिसत होती, आणि डाव्या करंगळीवरचा रंग तर सालपटासारखा अख्खाच निघून गेलेला. पुजाचं लग्न रविवारी. दोन वर्षं शिकवून कमरुन्निसा खालानं शितलच्या एकटीच्या हातात दिलेली ही पहिली नवरी. ती हातची गेली तर पुन्हा फरशीवरचे केस झाडत बसायचं, हे शितलला कुणी सांगायला नको होतं.

"काम केलं असंल तुमी," ती चाचरत म्हणाली.

"काम? आई पान्याचा तांब्या बी उचलू देऊन न्हाई राहिली मला!"

आवाज ऐकून खाला आतून आली. पार्लर तिचं, वय साठीचं, आणि स्वतःच्या नखांना मात्र मेंदीशिवाय काही नाही. पाच वेळा नमाजाआधी वजू करताना नखाला पाणी लागावं लागतं, म्हणून तिला पॉलिश चालत नाही. पण कळमनुरीच्या बाजारात तिनं तीस वर्षं बांगड्या भरल्या होत्या. बांगडी भरणाऱ्या बाईला हाताचं जे कळतं, ते डॉक्टरलाही कळत नाही. नुसता पंजा चेपून ती सांगायची, ही धुणं धुते, ही कापूस वेचते, आणि ही नुसती हुकूम सोडते. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. खालाला तर हातच आरसा. शितल या बाईवर जीव टाकायची ते उगाच नव्हे.

खालानं पुजाचा उजवा हात चेपला. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट चाचपलं.

"सुई कवापासून धरून राहिलीस, बेटा?"

पुजा ओशाळून हसली. "कुनी सांगितलं तुमाला? आईच्या लग्नातला घागरा हाय, आरशांचा. निम्मे आरसे गळालेत. चोरून बसवून राहिले मी. हळदीला तोच घालून तिच्यापुढं उभी राहनार हाय. तिला सांगू नका."

"जाड कापडात नखानं सुई रेटतीस. जेल बिचारं काय करंल?" खालानं खणातून शिंप्याचं पितळी अंगुस्तान काढून तिच्या मधल्या बोटात घातलं. "आता ह्यानं रेट."

"मग पोरीची काही चूक न्हाई तर," पुजा म्हणाली. तिचा राग कधीच उतरला होता. शितलचा जीव भांड्यात पडला. सगळं इथंच मिटलं असतं.

पण खालानं पुजाचा डावा हात उचलला, करंगळीच्या उघड्या नखावरून अंगठा फिरवला आणि तो सोडून दिला.

डाव्या करंगळीला सुई कशाला शिवेल? शितलला नखं केली त्या दिवसाचं लख्ख आठवलं. पुजाच्या डोक्याला तेल चोळून झालं होतं. शितलनं हात धुतले, नखं पुसून कोरडी केली, आणि तेवढ्यात पुजाच्या डोक्यावरचा टॉवेल घसरला. तो सावरून तिनं तशीच करंगळी धरली. अंगठ्याला तेल लागलंय हे तिला तेव्हाच कळलं होतं. चालतंय, म्हणून तिनं वर जेल चढवलं. खोबरेलावर काय डोंबल चिकटणार?

बोलावं तर नवरी जाते, न बोलावं तर कुणाच्या बापाला कळणार आहे? खाला तर घड्याळाकडं बघत होती.

"करंगळी माझ्यामुळं गेली," शितल म्हणाली. "तेलाचा हात लागला होता. मला ठाऊक होतं."

पुजानं तिच्याकडं बघितलं. "मग खाला, तुमीच करा बाई माझी नखं."

शितल खुर्चीवरून उठली. तिचे डोळे भरून आले होते.

"करीन की," खाला म्हणाली. "पन माझ्याकडून चुकलं तर मी सांगीन, ह्याचा भरोसा न्हाई. किती बायांच्या हातात काचा फोडल्या मी. तुझाच हात कडक हाय, म्हनून त्यांच्यावरच ढकललं. एकदा बी खरं बोलले न्हाई. हिनं आत्ता सांगितलं, तुझ्यासमोर."

पुजानं डावा हात शितलपुढं केला. "धर."

जुना रंग ओढून काढायचा नसतो, नखाचा पापुद्रा सोबत येतो. शितलनं तो वरून घासला, रंग विरघळवायच्या औषधाचा कापूस बांधून सुटा केला, नखं थोडी आखूड केली. मग बेसिनवर जाऊन साबणानं मनगटापर्यंत हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

वळली तर वाटेत खाला उभी. तिनं शितलचा हात धरला, बांगडी भरायच्या आधी चेपतात तसा चेपला, अंगठ्याच्या पेरावर बोट घासून बघितलं.

"बराबर," ती म्हणाली आणि बाजूला झाली.