पारोश्या तोंडाचा आकडा

गोजरबाईच्या घरात पारोश्या तोंडानं कुणी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. बुलडाण्याकडच्या धाड गावाजवळच्या त्या खेड्यात अख्ख्या आळीला ठाऊक होतं, की म्हातारीपुढे आधी राखुंडीनं दात घासायचे, रांजणातल्या गार पाण्यानं चूळ भरायची, मगच तोंड उघडायचं. जावई आला तरी त्याला सूट नव्हती.

सून कोकिळा तर गुणाची पोर. लग्नाला अकरा वर्षं झाली, कूस उजवली नाही, पण सासूचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही. गोजरबाईचा तिच्यावर भारी जीव. म्हणून तर बुलडाण्याला नवी डाक्तरीण आल्याचं कानावर येताच तीच सुनेला घेऊन यष्टीत बसली.

डॉक्टर शरयूबाईंनी तपासून तापाची नळी दिली, चौकटीचा कागद दिला. "रोज सकाळी उठल्याबरोबर नळी जिभेखाली धरायची आणि आकडा मांडायचा. अंडं बाहेर पडलं की अंगात एक रस वाढतो, हार्मोन म्हणतात त्याला. त्यानं अंग जरासं तापतं. आकडा चढला आणि टिकला, तर अंडं होतंय म्हणायचं. तीन महिने चढलाच नाही, तर मी खोटी आशा लावणार नाही."

दोन महिने झाले, कागदावरची रेघ शेताच्या धुऱ्या-बांधासारखी सरळच. कोकिळेचं जेवण तुटलं. सासू-सून पुन्हा बुलडाण्याला गेल्या.

कागद बघून शरयूबाईंनी विचारलं, "अंथरुणातच लावता ना नळी?"

गोजरबाईला रागच आला. "अथरुनात? पारोश्या तोंडानं? आमच्या घरी असं नाही चालत बाई. आधी दात, मंग गार पान्याची चूळ, मंगच काच तोंडात. मी सोता उभी राह्यतो."

शरयूबाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. "अहो, तोंड गार करून ताप मोजला तर नळी बिचारी काय सांगणार? आता डोळे उघडले की पडल्या पडल्याच लावा."

म्हातारीचा चेहरा उतरला. आपल्या चुळीपायी पोर दोन महिने रडली, हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवसापासून सडा-सारवण, पाणी, सगळं तिनं आपल्याकडे घेतलं.

"आत्याबाई, तोंड नाही धुतलं मी," कोकिळा संकोचून म्हणायची.

"बोलू नको. नळी धर."

मुलगा उत्तमराव कागदावर ठिपके मांडायचा. पाळीच्या सोळाव्या दिवशी ठिपका वर गेला. दुसऱ्या दिवशी तिथंच, तिसऱ्या दिवशीही तिथंच. "माय, टिकून राह्यला वो," तो म्हणाला, आणि गोजरबाईनं भर अंगणात पदरानं डोळे पुसले. आपल्या सुनेत काही उणं नव्हतं.

आकडा अठरा दिवस उतरला नाही तर लगेच या, असं डाक्तरीणबाईंनी बजावलं होतं. कारण मग दिवसच गेले असणार. एकोणिसाव्या सकाळी उत्तमरावनं ठिपका मांडला. तो वरच होता. गोजरबाई चुलीकडे गेली आणि गुळाचा चहा घेऊन थेट अंथरुणापाशी आली.

"पी."

"पारोशीच?"

"हाव, पारोशीच. उठू नको."

कोकिळा हसत हसत रडायला लागली. म्हातारी तिच्या उशाशी टेकली. सकाळपासूनच्या धांदलीत आज आपणही चूळ भरली नाही, हे तिला तेव्हा आठवलं. तिनं सुनेच्या कपातला घोटभर चहा बशीत ओतला आणि पिऊन टाकला.