आपल्याच मालाला नावं ठेवायची नोकरी

त्याच्या कार्डावर छापलं होतं 'डेव्हलपर अ‍ॅडव्होकेट', म्हणजे म्हणे प्रोग्रामर लोकांचा वकील. कसला वकील न् कसलं काय! पगार कंपनीचा, बोलीही कंपनीची. काम एवढंच, की स्टेजवर उभं राहून आपल्याच सॉफ्टवेअरला हसत हसत नावं ठेवायची. "आमचं सॉफ्टवेअर अधूनमधून झोपतं, पण निदान घोरत नाही," असं म्हटलं की हॉल हसायचा. प्रोग्रामर जाहिरातीला भुलत नाहीत, प्रामाणिकपणाला भुलतात, ही साहेबांची अक्कल. हा प्रामाणिकपणा त्यांनी त्याच्याकडून आरशासमोर घोटून घेतला होता. हल्ली त्याला स्वतःच्या आवाजाचीच किळस यायची.

त्यात महिन्यापूर्वी साहेबांनी दार लावून सांगितलं, कंपनी विकली जातेय, सौदा झाला की हे सॉफ्टवेअर बंद. तोवर तोंडाला कुलूप.

आणि आज पहिल्या रांगेत त्याची मावसबहीण बसलेली. ह्याच्या भरवशावर तिनं वरिष्ठांशी भांडून आपल्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सगळं काम ह्या सॉफ्टवेअरवर आणायचं ठरवलं होतं. फसलं तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी तिनं माईक मागून घेतला.

"उद्या आम्ही सगळं तुमच्याकडे हलवतोय. हलवू ना, दादा?"

साहेब कडेला उभे राहून मिशीत हसत होते.

"हलवू नकोस," तो म्हणाला. "हे बंद पडणार आहे."

हॉल खो खो हसला. साहेबांनी 'झकास' म्हणून अंगठा उंचावला. बहीणसुद्धा हसली. मेल्यांना टाळ्या सुचत होत्या.

तो खाली उतरला, तिला हाताला धरून बाहेर जिन्यापाशी घेऊन गेला.

"मस्करी नाही करत. खरंच बंद होतंय."

तिचं हसू हळूहळू उतरलं. "तुला कधी कळलं?"

"महिना झाला."

"म्हणजे गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात येऊन सगळ्यांना शिकवलंस, मग घरी आईच्या हातचं जेवलास, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तिनं तिथंच फोन लावला.

"सर, उद्याचं थांबवा. नाही, बातमी पक्की आहे." ती ह्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. "कोणी म्हणजे, त्यांच्या कंपनीतल्याच एका माणसानं सांगितलं."