शेवटच्या रिळाचा आवाज

नागपूरला शाळेत इंग्रजी शिकवणारी शैलजामावशी निवृत्तीनंतर मुलाकडे, परीक्षितकडे, अमेरिकेत फ्रीमाँटला राहायला आली आणि एका आजारपणात तिचे दोन्ही कान गेले. सीनियर सेंटरच्या क्लासमध्ये ती ओठ वाचायला शिकली, पण तो क्लास इंग्रजीतला. घरात सगळे मराठी-इंग्रजीची मिसळ करून, घास चावत, मान वळवून बोलायचे. तिला काही उमगायचं नाही. हळूहळू ती ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली.

तिची भाची इला इथेच जन्मलेली. जुने चित्रपट दुरुस्त करणं हे तिचं काम. मावशीकडे राहायला आली तेव्हा ती महायुद्धाच्या काळातला एक हॉलिवूडचा गुन्हेगारीपट लॅपटॉपवर तपासत होती. गोदीतून लष्कराचं सामान चोरणारी टोळी, तिच्यात अडकलेला एक तरुण आणि त्याचा माग काढणारी त्याची बहीण. शेवटच्या रिळाचा आवाज पार गेला होता आणि पटकथाही कुठे मिळत नव्हती. धक्क्यावर बहीण भावाला कठोर चेहऱ्याने काहीतरी सांगते. ती त्याला पकडून देण्याची धमकी देतेय, असंच इलाच्या ऑफिसात सगळ्यांनी धरलं होतं.

मावशी पाणी घ्यायला आली आणि इलाच्या मागे थबकून पडद्यावरचे ओठ आणि खालची इलाची नोंद वाचू लागली.

“ती धमकी देत नाहीये,” मावशी म्हणाली. “पोलिसांकडे एकटा जाऊ नकोस, मीही येते, असं सांगतेय.”

इलाने तो प्रसंग पुन्हा लावला. मावशीने इंग्रजी शब्द एकेक करून सांगितले. मग रोज दुपारी दोघी मिळून ते रीळ पाहू लागल्या. पाठमोऱ्या माणसांची वाक्यं मावशीने सोडून दिली. खात्री नसेल तिथे ती स्पष्ट तसं सांगायची.

उन्हाळ्यात गावातल्या छोट्या थिएटरात तो चित्रपट लागला, शेवटच्या रिळात मावशीने वाचलेली वाक्यं खाली अक्षरांत घालून. धक्क्यावरचं वाक्य आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईने डोळे पुसले. मावशीने ते पाहिलं.

घरी आल्यावर तिने आपलं पान टेबलावरच वाढून घेतलं.

“एका वेळी एकानेच बोलायचं,” ती सगळ्यांना म्हणाली. “माझ्याकडे बघून. आणि मराठी की इंग्रजी, ते आधी ठरवा.”

परीक्षितने खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि आठवडाभर ऑफिसात काय काय झालं ते सावकाश सांगायला सुरुवात केली.