व्हिलनच्या तोंडचं 'हाय'

सकाळी उसाला पाणी पाजायचं आणि दुपारच्या एसटीनं कुरुंदवाडहून कोल्हापूरला तालमीला यायचं, हा इलाहीचा महिनाभराचा नेम होता. नाटकात तो व्हिलन होता. नाटक लिहिलं होतं कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या देवस्थळी सरांनी. साल होतं बहात्तर.

त्या दिवशी चहा पिता पिता सर म्हणाले, "इलाही, व्हिलन म्हणजे मुळात कोण, ठाऊक आहे? जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस! बड्या लोकांनी त्याला इतकं हिणवलं, की पुढे त्या शब्दाचा अर्थच बदमाश असा झाला."

सगळे हसले. इलाहीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हंजे राबायचं आमी, खायाचं त्यांनी, आन् वर बदमाशबी आमीच?"

"अरे, चिडतोस कशाला? ते इंग्रजांचं पाप. आपल्याकडे तसं नाही."

"न्हाय?" इलाहीनं संवादांची वही सरांपुढं आपटली. "तुमचा हिरो वकील. त्यो 'आहे' म्हणतोय. त्याची आई 'आहे' म्हणती. त्याच्या घरचा गडीसुदिक 'आहे' म्हणतोय. माझ्या एकट्याच्या तोंडात तेवढं 'हाय' घातलंय. माझी आई जलमभर 'हाय'च म्हणत आली, ती काय बदमाश हाय? सांगा की सर, ही वही कुठल्या इंग्रजानं लिवली?"