कर्णिक ऐकतात

दिनानाथ म्हात्रेला जॅझचा नाद आहे हे रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. जॅझ म्हणजे नक्की काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं घर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात. बापाचा जन्म मिठागरात गेला. दिनानाथ कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झाला, आणि कंपनीने त्याला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला मुंबईला धाडलं, तेव्हा फोर्टातल्या एका दुकानाबाहेर सॅक्सोफोन त्याच्या कानावर पडला. तो जो उभा राहिला, तो दुकानाचं शटर खाली येईपर्यंत.

तेव्हापासून पंधरा वर्षं तो जॅझच्या सीड्यांचे बॉक्स सेट जमवत होता. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणं कंपन्या नव्याने बाजारात आणायच्या, तेव्हा जुन्या रेकॉर्डवर न आलेलंही त्यात घालायच्या. एकाच गाण्याचे पाच-पाच टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेले प्रयत्न, फसलेले, अर्ध्यात सोडलेले, मधलं वादकांचं बोलणं, खुर्ची सरकल्याचा आवाज. दिनानाथला नेमकं तेच हवं असे. जमून आलेलं गाणं कुणीही ऐकेल. ते जमण्याआधी बंद खोलीत ती चार माणसं काय करत होती, याची त्याला ओढ होती.

दोन हजार चार साली दिवाळीनंतर तो नवा सेट आणायला गेला, तेव्हा दुकानदार हसत म्हणाला की तुमच्या जिल्ह्यात तुमच्यासारखा आणखी एक आहे. रोह्याचे कर्णिक. पोस्टकार्ड टाकून मागवतात, आणि बऱ्याचदा तुमच्या आधी. दिनानाथ चकित झाला. इतकी वर्षं कंपनीची बस रोह्यावरून जात होती आणि याचा त्याला पत्ताच नव्हता. पुढच्या शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर तो पत्ता विचारत नदीजवळच्या एका दुमजली इमारतीत पोचला.

सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं. कर्णिक आहेत का, असं त्याने विचारलं. त्यांनी उजवा कान पुढे केला. तीनदा विचारावं लागलं, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना जाऊन चार वर्षं झाली. या, बसा. आत्ता ऐकतायत, थोडा वेळ लागेल."

दिनानाथ चपला काढून आत गेला.

खोलीत एक कपाट, एक कॉट आणि खिडकीशी वेताची आरामखुर्ची. खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर, माणसाचं डोकं यावं त्या उंचीला, हेडफोन अडकवलेला होता. शेजारच्या स्टुलावरच्या प्लेअरचे आकडे सेकंदासेकंदाने पुढे सरकत होते. खोलीत आवाज कसलाच नाही. बाई खुर्चीजवळच्या पाटावर जाऊन बसल्या आणि मांडीवर वही घेतली. मधूनच खुर्चीकडे किंचित झुकायच्या, मान हलवायच्या, ओळभर लिहायच्या.

उठून जावं असं दिनानाथला फार वाटलं. पण कपाटाच्या काचेमागे असे सेट होते, जे त्याने फक्त याद्यांमध्ये पाहिले होते. तो बसून राहिला.

सीडी संपल्यावर त्यांनी प्लेअर बंद केला, चहा टाकला आणि सगळं सांगितलं. दत्तात्रेय कर्णिक जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. बंदराबंदरातून रेकॉर्डी आणायचे. निवृत्त झाले आणि काचबिंदूने डोळे गेले. तेव्हापासून ते ऐकायचे, बोलायचे आणि त्यांची बायको, म्हणजे या विमलबाई, चिठ्ठीवर उतरवून घ्यायच्या. एकेका टेकची एकेक नोंद, ती त्या त्या बॉक्समध्ये. ते गेल्यावर हे थांबेल असं विमलबाईंनी धरलं होतं. विसाव्या दिवशी दुपारी कर्णिक म्हणाले की अमुक सेट निघालाय, कार्ड टाक. दूधवाला उशिरा आला हे ज्या आवाजात सांगावं, त्या आवाजात त्या हे सांगत होत्या. त्यांना स्वतःला सहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. कानाशी ओरडलं तर शब्द कळायचे, बाकी सगळं बंद.

बाई एकटेपणाने भ्रमल्यात, असं दिनानाथने मनाशी ठरवलं आणि त्याला त्यांची कीव आली. निघताना त्यांनी एक सेट त्याच्या हातात दिला. गेल्या वर्षीच निघालेला. आत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. 'टेक पाच. सुरुवातीलाच ड्रमवाल्याच्या हातून काडी निसटते. तो ती उचलत नाही, दुसरी घेतो.'

रविवारी त्याने पाचवा टेक लावला. दोनदा काहीच सापडलं नाही. तिसऱ्यांदा हेडफोन कानांवर घट्ट दाबून ऐकलं, तेव्हा पियानोच्या मागे लाकडावर लाकूड पडल्याचा टक् असा आवाज आला, आणि मग काहीतरी लांबवर घरंगळत गेलं. सेटसोबतच्या पुस्तिकेत याचा उल्लेख नव्हता. त्याने हेडफोन काढून ठेवला.

बायकोला, मैनाला, त्याने सगळं सांगितलं. ती पापड लाटता लाटता थांबली. "त्या बाईला ऐकाया येत नाय, मग ती लिवते कशी?"

"तेच तर."

"मग तिकडं जाऊ नका तुमी."

पण तो जायला लागला. दर शनिवारी. कॉटवर बसायचा, त्या लिहायच्या, मग चहा. चिठ्ठ्या घरी आणायचा, पडताळायचा, आणि एकही खोटी निघाली नाही. मनातली शंका मिटवायची म्हणून एकदा त्याने स्वतःचाच सेट नेला. मुंबईहून आदल्या दिवशी आलेला, वरचं प्लास्टिकही न फाडलेला. ते विमलबाईंच्या देखत फाडलं, पहिली सीडी लावली आणि खुर्चीपासून जितकं दूर बसता येईल तितकं दूर बसला.

त्या दिवशी त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग भरभर चार ओळी लिहिल्या, कागद फाडून त्याच्या हातात दिला आणि चहा करायला उठल्या.

'टेक एक, दोन. वादन बरं. सॅक्सोफोनवाला थकलेला आहे. टेक तीन ऐकता येत नाही. खोलीत बसलेल्या माणसाच्या छातीत दर वीस-बावीस ठोक्यांनी एक चुकतो. त्याने दाखवून घ्यावं.'

दिनानाथने हात छातीवर ठेवला. त्याला काही जाणवलं नाही. चहा न घेताच तो जिना उतरला.

सोमवारी रजा टाकून पेणच्या डॉक्टरकडे गेला. कार्डिओग्राम निघाला. डॉक्टर बराच वेळ कागदाची पट्टी बघत राहिले, मग म्हणाले की वेळेवर आलात. कुणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. रोह्याचे एक ओळखीचे आहेत, असं तो म्हणाला. गोळ्या सुरू झाल्या.

त्या रात्री मैना त्याच्याकडे पाठ करून झोपली, पण झोपली नव्हती. सकाळी ती एवढंच म्हणाली, "जा. नारळ घेऊन जा."

नारळ विमलबाईंनी खुर्चीपुढे ठेवला. आभार सांगा म्हणून दिनानाथ त्यांच्या कानाशी ओरडला, तर त्या म्हणाल्या, "ऐकलं त्यांनी. एवढं ओरडायला नको." मग त्याला राहवलं नाही. आपल्याकडे अजून किती वर्षं आहेत, तेवढं विचाराल का, असं त्याने विचारलं. विमलबाईंनी वही मिटली.

"मी माझंसुद्धा कधी विचारलं नाही, म्हात्रे."

हिवाळा सरला तशा चिठ्ठ्या बदलत गेल्या. आधी वादनावर लिहिलेलं असे. मग फक्त खोलीतल्या आवाजांवर, दार, खोकला, बूट. मग कोण कुठे उभं आहे आणि कोणाचा श्वास कसा चाललाय. शेवटी शेवटी तेही गेलं. दोन टेकांच्या मधल्या त्या काही सेकंदांवरच सगळं लिहिलेलं असायचं, जिथे कुणी वाजवत नाही, कुणी बोलत नाही. 'इथे आणखी थोडं थांबायला हवं होतं.' 'इथे जागा मोठी आहे.' 'इथे बरं वाटतं.' दिनानाथ घरी त्या जागा ऐकायचा. टेपची बारीक सळसळ, बाकी काही नाही. पण कान देऊन बसलं की आपल्यासारखंच आणखी कुणीतरी तिथे कान देऊन बसलंय, असं वाटायचं.

फाल्गुनातल्या एका शनिवारी तो गेला तेव्हा विमलबाई पाटावर नव्हत्या. आरामखुर्चीत बसल्या होत्या. हेडफोन त्यांच्या कानांवर होता. वहीत एकच ओळ होती, त्यांच्याच हातची, 'विमल, आता तू ऐक.'

डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं. शेजारी पडलेलं सीडीचं कव्हर आणि प्लेअरवरचा आकडा बघून दिनानाथने ते गाणं ओळखलं. पन्नासदा ऐकलेलं. ठेका अवघड होता, नवख्याला न जमणारा. मनातल्या मनात तो मात्रा मोजत गेला. बोट एकदाही चुकलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघून संकोचल्यासारखं हसल्या. "एवढं छान असतं होय हे. मी आपली नुसतीच लिहीत बसले."

काय ऐकू येतंय, असं त्याने त्यांच्याजवळ वाकून विचारलं. त्यांनी तळहात वर केला, थांबा म्हणून. तो थांबला. ऊन खिडकीवरून उतरलं, सीडी संपली, आकडे थांबले. बोट मात्र ठेका धरतच राहिलं. आता कोणतं गाणं चाललंय, हे दिनानाथला ओळखता येईना. तो आवाज न करता उठला आणि दार ओढून घेतलं.

चैत्रात विमलबाई गेल्या. ठाण्याहून आलेल्या मुलीने दिनानाथला बोलावून सगळे सेट दिले. ती म्हणाली, आई शेवटचे दोन आठवडे शेजाऱ्यांना सांगत होती की गाणं थोडं हळू लावा. शेजाऱ्यांकडे गाणं लावलेलंच नव्हतं. तिला याचं हसूही येत होतं आणि रडूही. खुर्ची आणि हेडफोन न्यायचा का, असं तिने विचारलं. दिनानाथ नको म्हणाला.

सेट आता त्याच्या घरात आहेत. तो ते मोठ्या स्पीकरवर लावतो, दिवसाउजेडी, मैना घरात असताना. तिलाही एखादं आवडतं, दुसऱ्यांदा लावायला सांगते. पण एक टेक संपत आला की दिनानाथ मधल्या त्या काही सेकंदांपुरता उठून पडवीत जातो. आतून पुन्हा वाजायला लागल्याचं ऐकू आलं की परत येऊन बसतो. का, ते मैनाने विचारलेलं नाही.