आईच्या जागी वडील

"अहो, माझं नाव नाही म्हणतो तुमचा वॉचमन. पहिलीपासून नातवाला मीच नेते ना?" ऑफिसच्या खिडकीशी आलेल्या आजी चांगल्याच तापल्या होत्या.

इंटरनेटकाकांनी चष्मा सारखा केला. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला म्हणून शाळेने त्यांना हे नाव दिलं आणि नावापाठोपाठ वेबसाइटही गळ्यात मारली. मूळचे ते साधे कारकून. पालकांच्या ऑनलाइन फॉर्ममधला 'मूल कोणाकडे सोपवायचं' हा रकाना त्यांनीच बनवला होता, मॅन्युअल समोर ठेवून, ओळीवर बोट फिरवत. शाळा सुटताना वॉचमन टॅबवर तेवढाच रकाना बघे.

त्यांनी नातवाचा फॉर्म उघडला. तिथे आजीऐवजी 'आई' होतं.

रकान्यातल्या यादीत वडील, आई, आजी अशी रांग होती. एका पालकाने मागितलं म्हणून दुपारीच त्यांनी सगळ्यांच्या वर 'आत्या' घातली होती. नवा पर्याय कुठेही घाला, आधीच्या नोंदींना धक्का लागत नाही, असं मॅन्युअलमध्ये स्वच्छ छापलं होतं. पण मॅन्युअल जुनं होतं. मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललं होतं आणि आता ते नातं नाही, यादीतला क्रमांक लक्षात ठेवत होतं. आत्या वर बसली आणि बाकीचे सगळे खाली सरकले. ज्यांनी आजी निवडली होती त्यांच्यापुढे आई दिसू लागली. ज्यांनी आई, त्यांच्यापुढे वडील.

प्रवेशाच्या वेळी कोर्टाचा कागद घेऊन आलेली एक बाई त्यांना आठवली. "फक्त मी," ती म्हणाली होती. "मुलीला तिच्या वडिलांकडे कधीच द्यायचं नाही." काकांनी आपल्या हाताने 'आई' निवडलं होतं.

आजींना तसंच उभं ठेवून ते गेटकडे धावले. "कोणालाच सोडू नकोस, टॅब चुकलाय," त्यांनी वॉचमनला सांगितलं आणि त्या मुलीचं विचारलं.

"तिला आत्ताच नेलं की बापाने. रोज समोरच्या फुटपाथवर उभा असतो बिचारा. आज टॅबवर दिसलं, म्हणून मीच हाक मारली. बसस्टॉपकडे गेलेत."

काका वय विसरून पळत सुटले. बस येऊन गेली असली तर? त्याने पोरीला काही केलं तर? त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दोघं स्टॉपवरच होते. दप्तर बापाच्या खांद्यावर, मुलीचा हात त्याच्या हातात.

"चूक झाली," काका धापा टाकत म्हणाले. "माझी. फॉर्ममध्ये 'वडील' चुकून लागलं. मुलीला परत न्यावं लागेल."

बस येऊन थांबली, दार उघडलं. आता हा चढणार आणि आपल्याच्याने काही होणार नाही, असं काकांना वाटलं.

"म्हणजे हिच्या आईने नाही घातलं?"

"नाही."

"फोन करणार होतो तिला, थँक्यू म्हणायला." तो हसायला गेला, जमलं नाही. "म्हटलं, नको. विचार बदलायची."

बस निघून गेली. त्याने दप्तर मुलीच्या पाठीवर चढवलं, पट्टे सारखे केले. "जा काकांबरोबर," तो म्हणाला.

काका तिला घेऊन निघाले. तो मागून येतोय असं त्यांना सारखं वाटत होतं, पण वळून बघायचा धीर झाला नाही.

गेटपाशी मुलीने हात सोडवून घेतला आणि मनगट चोळलं.

"काका, दुखतंय," ती म्हणाली. "बाबांनी एवढा घट्ट नव्हता धरला."