रविवारी न येणारा आवाज

“रविवारीच नेमका का येत नाही हा?” संशोधक बाई पडद्यावरच्या उभ्या रेघांवर पेन्सिल ठोकत म्हणाल्या. “आकाशातल्या गोष्टी काही साप्ताहिक सुट्टी घेत नाहीत.”

“म्हणजे आकाशातला नाहीच तो,” कानसेन म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. मला त्यांचं वाईट वाटलं. दूरच्या आकाशगंगांमधून कधीतरी रेडिओ लहरींचा एक झटका येतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. तो कशामुळे उठतो, हे अजून कुणाला नीट उलगडलेलं नाही. बाई त्याच्याच मागे लागल्या होत्या. गेले काही दिवस दुपारी आमच्या दुर्बिणीत झटके दिसू लागले, तेव्हापासून त्यांची तहानभूक हरपली होती. मनात शंका त्यांनाही होतीच, पण आशा सुटत नव्हती.

आमचं काम उलटं. मी गाडी चालवतो आणि कानसेन ऐकतो. आमची दुर्बीण म्हणजे आभाळाकडे तोंड करून बसलेली एक अवाढव्य लोखंडी ताटली. कानाची भलती तिखट. आसपास कुणाचा पंखा बिघडला किंवा कुंपणाच्या तारेत ठिणगी उडाली, तरी तिला ताऱ्यांचं ऐकू येईनासं होतं. मग आम्ही टपावरची अँटेना फिरवत चोर शोधायचा आणि गोडीगुलाबीनं बंद करून घ्यायचा. तो बंद झाला की कानसेन हेडफोन काढतो आणि म्हणतो, “साफ आहे.” मग मी गाडी सुरू करतो. इतक्या वर्षांत त्याचं खरं नाव माझ्याही चटकन तोंडात येत नाही.

त्या दिवशी जेवणं उरकून आम्ही निघालो. ताटलीपाशी त्यानं अँटेना फिरवली, तर ती टेकडीकडे तोंड करून थांबली.

“टेकडीपलीकडे तर आपलीच घरं,” मी म्हणालो. “तिकडचं इकडे येत नाही ना? म्हणून तर तिथे सगळ्याला परवानगी आहे.”

“चल तर खरं.”

टेकडी ओलांडून आम्ही आमच्या वसाहतीत उतरलो. मी उगाच चेष्टा करत होतो, तुझ्या बायकोनं मिक्सर लावला असेल म्हणून. वहिनी शाळेत शिकवायला जातात, संध्याकाळशिवाय घरी येत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. कानसेन हसला नाही. अँटेनेचा दांडा हातात धरून तो नुसता “पुढे”, “अजून पुढे” म्हणत होता. स्वतःच्या दारासमोर त्यानं हेडफोन काढले. ते काढल्यावरही आवाज येतच होता. त्याच्या स्वयंपाकघरात बिनतारी घंटी वाजत होती.

ती त्यानंच आणली होती. त्याच्या वडिलांचे पाय गेले तेव्हा. बटण त्यांच्या उशाशी, घंटी स्वयंपाकघरात. तेव्हा बाबा खालच्या खोलीत होते. त्यानं आधी स्वतः तपासून पाहिलं होतं, ताटलीपर्यंत काही पोचत नव्हतं. मग उकाडा वाढला, खाली वारा लागेना, म्हणून आम्ही दोघांनी बाबांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. वरच्या खिडकीतून टेकडीच्या खांद्यावर ताटलीची कड दिसते. बाबा खूश झाले होते. बाबांना ताटली दिसते म्हणजे बाबांचं बटणही ताटलीला दिसणार, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मी मागोमाग. बाबा खिडकीकडे तोंड करून पडले होते, अंगठा बटणावर.

“बाबा, काय झालं? काय हवंय?”

“काही नाही रे. तू आज लवकर कसा?”

“शेजारच्या काकूंनी जेवण दिलं ना?”

“दिलं की. मघाशीच गेल्या.”

“मग बटण कशाला दाबत होता?”

बाबा जरा ओशाळले. “खाली वाजतं ना ते. वाजलं की घरात माणूस असल्यासारखं वाटतं.”

मला तिथे उभं राहवेना, पण जायचं तरी कुठे? रविवारी आवाज का येत नाही, ते आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं होतं. रविवारी तो घरी असतो.

कानसेन पलंगाच्या कडेला बसला. “बाबा, हे बटण तिकडे ऐकू येतं. ताटलीत.”

“तिथपर्यंत?” बाबांचे डोळे मोठे झाले. “म्हणजे तुला ऐकू जात होतं?”

“जात होतं,” तो म्हणाला.

“बघ. आणि मी आपला म्हणतोय, कुणाला कळतंय.”

“पण आता ते इथे चालणार नाही. असं करू, तुम्हाला परत खाली नेतो. खाली बटण राहू दे, हवं तेवढं दाबा.”

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. ताटली तेव्हा हळूहळू वळत होती.

“खालून ती दिसत नाही,” ते म्हणाले. “ती वळली की मला कळतं, तू कामावर आहेस. घेऊन जा ते बटण.”

आणि त्यांनीच ते उचलून त्याच्या हातात दिलं. तारेची घंटी बसवावी तर तीही ठिणगी टाकते. शेवटी कानसेननं पितळेची एक घंटी आणली, जिन्यात टांगली आणि तिची दोरी बाबांच्या उशाशी बांधली. बाबांनी ओढून पाहिली. घरभर ऐकू जाईल इतकी ठणठणीत वाजली.

दोन दिवसांनी सकाळी बाईंनी पडदा दाखवला. आदल्या दिवशीची दुपार सरळ गेली होती, एक रेघ नाही. त्यांनी मनापासून त्याचे आभार मानले. खरा झटका आता आला तर ओळखता येईल, म्हणाल्या. कानसेन त्या पडद्याकडे त्यांच्यापेक्षाही जास्त वेळ बघत राहिला.

दुपारी गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “जरा घराकडून घे.”

मी त्याच्या दाराच्या अलीकडे, झाडाखाली गाडी उभी केली. त्यानं हेडफोन घातले आणि अँटेना वरच्या खिडकीकडे वळवली. दोरी ओढल्याचं त्यात काही येणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तो डोळे मिटून ऐकत राहिला.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, “काय?”

“साफ आहे,” तो म्हणाला.

हेडफोन त्यानं काढले नाहीत. मीही गाडी सुरू केली नाही.